समुद्राचे पोट

वैशाख सरत आला आणि वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागला, की आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर काळे गोळे येऊन पडतात. कधी वाटाण्याएवढे, कधी लिंबाएवढे, क्वचित नारळाएवढे. उन्हाने ते मऊ होतात आणि पायाला चिकटतात. पाण्याने जात नाहीत, साबणालाही दाद देत नाहीत. खोबरेल चोळून किंवा रॉकेलच्या बोळ्याने पुसूनच तळवा साफ करावा लागतो. एका वर्षी असाच तळवा पुसत बसलो असताना शेजारी जाळे शिवणाऱ्या एका वृद्ध तांडेलांना मी विचारले, "बाबा, हे एवढंच असतं, की आणखी समुद्रातच राहतं?" जाळ्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "येतं ते थोडं. बाकीचं दर्या खातो. त्याचं पोट मोठं हाय."

ते वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले. जीवशास्त्र मी वर्गात बसून शिकलेलो नाही. जे वाचले ते ग्रंथालयांतून आणि जुन्या नियतकालिकांतून, शब्दकोश शेजारी ठेवून. तरी या एका वाक्याचा माग काढता काढता काही वर्षे गेली आणि लक्षात आले, की तांडेलांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. समुद्र तेल खातो. पण कोण खातो, कसे खातो, किती वेळात खातो आणि ताटात काय टाकून देतो, हे कळायला माणसाला जवळजवळ एक शतक लागले. या शतकात जे जे उत्तर हाती आले, ते कोणाच्या ना कोणाच्या सोयीचे ठरले. हा लेख त्या दोन्ही गोष्टींविषयी आहे.

तेल कसे होते, हे शोधताना

तेलकट पदार्थांवर जगणारे जिवाणू असतात, हे पहिल्यांदा नीट दाखवले ते हॉलंडमध्ये. डेल्फ्टच्या बायरिंक या थोर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचा शिष्य सोंगन याने १९०६ साली मिथेन वायूवर वाढणारे जिवाणू वेगळे केले. १९१३ साली त्याने पेट्रोल, पॅराफिन अशा पदार्थांवर गुजराण करणाऱ्या जिवाणूंचेही वर्णन केले. त्या काळी हे एक नवल होते. त्याचा समुद्राशी संबंध जोडला गेला तो पुढे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर.

क्लॉड झोबेल १९३२ साली कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाला. समुद्रातल्या जिवाणूंचा अभ्यास हे त्या वेळी स्वतंत्र शास्त्रच नव्हते. ते उभे करणाऱ्यांत झोबेलचे नाव पहिले घ्यावे लागते. १९४० च्या दशकात अमेरिकेतील पेट्रोलियम उद्योगाच्या संघटनेने त्याला एक प्रकल्प दिला. भूगर्भात खनिज तेल तयार होण्यात जिवाणूंचा वाटा आहे का, हे शोधायचे होते. तेल होते कसे, हे पाहायला बसलेल्या या माणसाच्या हाती तेल संपते कसे, याचाच पुरावा अधिक लागला. १९४३ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पेट्रोलियमचे ज्वलन करणाऱ्या सागरी जिवाणूंवर निबंध प्रसिद्ध केला. ज्वलन म्हणजे इथे आगीशिवायचे ज्वलन, आपल्या शरीरात अन्नाचे होते तसे. १९४६ साली त्याने या विषयावर एक दीर्घ आढावा लिहिला. त्याच वर्षी त्याचा सागरी सूक्ष्मजीवशास्त्रावरील ग्रंथही आला.

तो आढावा मी वाचला तेव्हा एका गोष्टीने थबकलो. झोबेलला हे जिवाणू शोधायला फारसे कष्ट पडले नव्हते. समुद्राच्या तळाचा चिखल जिथून घ्यावा तिथे ते कमीअधिक संख्येने होतेच. तेलाचे जहाज कधी फिरकले नाही अशा पाण्यात तेल खाणारे जीव काय करत होते? या प्रश्नाचे उत्तर मिळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. त्याकडे नंतर येतो.

खाणे म्हणजे काय

खनिज तेल हा एकच पदार्थ नव्हे. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या हजारो संयुगांची ती खिचडी आहे. त्यात सरळ साखळ्या असतात, फांद्या फुटलेल्या साखळ्या असतात, कार्बनची कडी असतात, आणि शेवटी डांबराला काळेपणा व चिकटपणा देणारे प्रचंड, गुंतागुंतीचे रेणू असतात.

सरळ साखळी जिवाणूला सर्वांत सोपी. त्याच्याजवळचे एक विकर साखळीच्या टोकाच्या कार्बनला ऑक्सिजनचा एक अणू जोडते. त्यातून अल्कोहोल तयार होते. पुढच्या पायऱ्यांवर त्याचे मेदाम्ल होते. एकदा मेदाम्ल झाले की पुढचा मार्ग तुमच्याआमच्या पेशींतलाच. आपण खाल्लेले तूप ज्या पद्धतीने दोन दोन कार्बनचे तुकडे पडत संपते, त्याच पद्धतीने ती साखळी संपते. उरते ते कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि जिवाणूंची नवी पिढी.

कडे फोडणे अवघड. बेन्झिन, नॅप्थलीन यांसारख्या कडीबंद रेणूंना ऑक्सिजनचे दोन अणू जोडून आधी ढिले करावे लागते, मग कडे उघडते. एकमेकांना चिकटलेली चार-पाच कडी असतील तर काम फारच मंदावते, आणि नेमके त्यांतलेच काही रेणू कर्करोगाला कारण होतात. डांबरी भागाला तर बहुतेक जिवाणू तोंडच लावत नाहीत.

यावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. ऑक्सिजन हवा. तेलात कार्बन रग्गड असला तरी पेशी बांधायला लागणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस त्यात जवळजवळ नसतात. ते पाण्यातून मिळायला हवेत. आणि वेळ हवा. पुढचा सारा इतिहास या तीन अटी विसरण्याचा आणि पुन्हा आठवण्याचा आहे.

रोगापेक्षा औषध भयंकर

१८ मार्च १९६७ रोजी 'टॉरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या खडकांवर चढले. त्यात सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल होते. एवढी मोठी गळती जगाने तोवर पाहिली नव्हती. काय करावे हे कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी ब्रिटिश सरकारने विमानांतून बाँब टाकून जहाज पेटवण्याचा प्रयत्न केला. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर आणि पाण्यावर सुमारे १०,००० टन रसायने ओतली गेली. ही मुळात यंत्रे आणि टाक्या धुण्याची, तेलाचे बारीक थेंब करणारी रसायने.

प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ तेव्हा आपली कामे बाजूला ठेवून किनाऱ्यावर उतरले. पुढच्या वर्षी त्यांनी प्रसिद्ध केलेला अहवाल स्पष्ट होता. खडकांवरच्या शंख-शिंपल्यांचा संहार तेलापेक्षा या रसायनांनीच जास्त केला होता. जिथे फक्त तेल लागले आणि माणसाने हात लावला नाही, तिथले जीवन लवकर सावरले.

या अनुभवानंतर झोबेलचे जुने निबंध पुन्हा उघडले गेले. रटगर्स विद्यापीठात रिचर्ड बार्था आणि रोनाल्ड अ‍ॅटलस यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी साधा प्रश्न विचारला: समुद्रातले जिवाणू मंद का आहेत? उत्तरही साधे निघाले. ते उपाशी होते, पण तेलासाठी नव्हे, तर नायट्रोजन-फॉस्फरससाठी. तेलात विरघळणारे खत दिले की ते कामाला लागत.

वीरभूमचा मुलगा आणि पाच विरुद्ध चार

मात्र वर्तमानपत्रांत गाजली ती दुसरीच कथा. तिचा नायक भारतीय होता, म्हणून आपल्याकडे ती अधिकच अभिमानाने सांगितली जाते.

बंगालच्या वीरभूम जिल्ह्यातील सैंथिया येथे १९३८ साली जन्मलेले आनंदमोहन चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. काही जिवाणूंत तेल फोडणारी जनुके मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड नावाच्या सुट्या कड्यांवर असतात, आणि ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, हे तोवर कळले होते. चक्रवर्तींनी कापूर, ऑक्टेन, झायलीन आणि नॅप्थलीन फोडणारी प्लाझ्मिडे एकाच जिवाणूत नांदवली. १९७२ साली पेटंटसाठी अर्ज गेला. गवतासारख्या तरंगत्या वाहकावर जिवाणू पसरून वापरण्याच्या पद्धतीला पेटंट कार्यालयाची हरकत नव्हती. हरकत होती ती खुद्द सजीवाचे पेटंट देण्याला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्तींच्या बाजूने निकाल लागला. पुढचा सारा जैवतंत्रज्ञान उद्योग त्या निकालावर उभा आहे.

या कथेचा शेवट मात्र क्वचितच सांगितला जातो. तो जिवाणू तेलाच्या तवंगावर कधीच सोडला गेला नाही. न्यायालयात त्याने इतिहास घडवला, समुद्र त्याने पाहिलाच नाही. चक्रवर्तींचे २०२० साली निधन झाले. त्यांच्या बुद्धीबद्दल मला आदरच आहे. पण 'तेल खाणारा जिवाणू माणसाने बनवला' हा लोकसमज त्या खटल्यातून पसरला आणि त्याने झोबेलची साधी नोंद झाकून टाकली, की असे जिवाणू समुद्रात आधीपासूनच आहेत.

अलास्काचे गोटे

ती नोंद पुन्हा उजेडात आली अलास्कात. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्सॉन व्हाल्डीझ' जहाज प्रिन्स विल्यम साउंडमधल्या खडकावर आदळले आणि सुमारे ३७,००० टन तेल सांडले. किनारा गोट्यांचा. कंपनीने गरम पाण्याचे जोरदार फवारे मारून गोटे धुतले. त्याने तेलाबरोबर गोट्यांवरचे जीवही शिजले. मग पर्यावरण खात्याच्या शास्त्रज्ञांनी काही पट्ट्यांवर फक्त खत टाकून पाहिले. साधारण दोन आठवड्यांत ते पट्टे आजूबाजूच्या काळ्या किनाऱ्यात वेगळे, उजळ दिसू लागले. कोणताही नवा जिवाणू आणलेला नव्हता. तिथलेच होते, त्यांना खत मिळाले.

बाटलीत भरून विकले जाणारे जिवाणूही याच किनाऱ्यावर तपासले गेले. त्या मैदानी चाचणीत ते टाकलेल्या आणि न टाकलेल्या जागांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही.

इथे कथा सुफळ संपूर्ण झाली असती. पण २००१ साली शास्त्रज्ञांनी त्याच किनाऱ्यांवर हजारो खड्डे खणून पाहिले, तेव्हा पाहिलेल्या ठिकाणांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी गोट्यांखाली तेल सापडले. बारा वर्षांनंतरही ते ओले, वास येणारे होते. वरच्या थरातले जिवाणूंनी खाल्ले. खाली जिथे पाणी खेळत नव्हते आणि ऑक्सिजन पोचत नव्हता, तिथे जेवणारे असूनही पंगत बसली नाही.

बोर्कुमचा उपाशी जीव

आता मघाचा प्रश्न. तेल नसलेल्या पाण्यात तेल खाणारे जीव काय करतात?

१९९८ साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी उत्तर समुद्रातल्या बोर्कुम बेटाजवळच्या गाळातून मिळवलेल्या एका जिवाणूचे वर्णन केले. नाव ठेवले 'अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस', म्हणजे बोर्कुमचा अल्केन-खाऊ. साखर हे जिवाणूंचे आवडते अन्न. याला ती जवळजवळ चालतच नाही. तेलातल्या साखळ्या हेच याचे मुख्य अन्न. तो साबणासारखा पदार्थ स्वतःच तयार करतो आणि तेलाचे थेंब बारीक करतो. स्वच्छ पाण्यात त्याची संख्या नगण्य. तेल सांडले की तोच बहुसंख्य होतो, आणि तेल संपले की पुन्हा नाहीसा झाल्यासारखा. कडीबंद रेणू खाणारा त्याचा भिडू 'सायक्लोक्लास्टिकस' तीन वर्षे आधीच, १९९५ साली, ओळखला गेला होता.

मधल्या काळात हे जगतात कशावर, याचा एक उलगडा २०१५ साली झाला. समुद्राच्या पृष्ठभागाजवळ सूर्यप्रकाशावर जगणारे अतिसूक्ष्म नीलहरित जिवाणू स्वतःच अल्केन तयार करतात. जगभरातले त्यांचे वार्षिक उत्पादन तीस कोटी टनांच्या वर असावे, असा अंदाज त्या संशोधकांनी मांडला. शिवाय तळाच्या भेगांतून तेल लाखो वर्षे झिरपत आहेच. म्हणजे समुद्राने तेल पचवण्याची सवय आपल्या जहाजांसाठी लावून घेतलेली नाही. ती त्याच्या घरच्या रोजच्या स्वयंपाकाची सवय आहे. आपण तिच्यावर अचानक हजार पानांची पंगत लादतो.

मेक्सिकोचे आखात: दोन निष्कर्ष

२० एप्रिल २०१० रोजी 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहिरीच्या मंचावर स्फोट होऊन अकरा कामगार मेले. सुमारे दीड हजार मीटर खोलीवरून सत्त्याऐंशी दिवस तेल उसळत राहिले. सत्तर लाख लिटरच्या आसपास विखुरणारी रसायने वापरली गेली, आणि त्यांतला मोठा भाग थेट विहिरीच्या तोंडाशी सोडला गेला.

ऑगस्टमध्ये 'सायन्स' या एकाच नियतकालिकात काही दिवसांच्या अंतराने दोन निबंध आले. एका गटाला अकराशे मीटरच्या आसपास पसतीस किलोमीटर लांब तेलाचा लोट आढळला आणि त्यात जिवाणूंचे काम संथ दिसले. टेरी हेझन यांच्या गटाला त्याच थंड, अंधाऱ्या पाण्यात तेल खाणाऱ्यांची झपाट्याने झालेली वाढ दिसली. हेझन यांच्या गटाच्या निधीत तेल कंपनीचाही पैसा होता, हे त्यांनी लपवले नव्हते, आणि त्यांची निरीक्षणे पुढे पुष्कळ अंशी टिकली. पण बातम्यांत पोचले ते एवढेच, की जिवाणूंनी काम फत्ते केले. सरकारी हिशेबात चौथा हिस्सा तेल उरल्याचे सांगितले गेले होते. त्यात बारीक थेंबांत विखुरलेले तेल उरलेल्यात धरलेले नव्हते. २०१४ साली सुमारे तीन हजार चौरस किलोमीटर तळावर त्या तेलाचा थर असल्याचे दिसून आले. २०१५ साली प्रयोगशाळेतल्या एका अभ्यासात विखुरणाऱ्या रसायनांनी काही तेलखाऊ जिवाणूंची वाढ उलट दबली. इतर प्रयोगांचे निकाल वेगळे आले आणि तो वाद अजून चालू आहे.

जे पोटाला माहीत नाही

तेल निदान जुन्या ओळखीचे. पण गेल्या शंभर वर्षांत आपण समुद्रात असेही पदार्थ सोडले, ज्यांची या जीवांना ओळखच नव्हती. ट्रान्सफॉर्मरमधली क्लोरीनयुक्त तेले आणि जहाजांच्या बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात मिसळलेले कथिलाचे संयुग, टीबीटी, ही त्यांतली दोन. टीबीटीमुळे फ्रान्सच्या किनाऱ्यावरची कालवे वेडीवाकडी वाढली आणि काही शंखांच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटली. २००८ साली त्याच्यावरची आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली.

या बाबतीत आपल्या किनाऱ्याचेही काम आहे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील रामय्या, जयशंकर डे आणि सहकाऱ्यांनी भारतीय किनाऱ्यावरून पारा सोसणारे जिवाणू मिळवले. त्यांतले काही क्लोरीनयुक्त तेले आणि टीबीटी यांच्यावरही परिणाम करतात, असे त्यांना आढळले. गोवा विद्यापीठात टीबीटी फोडणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास झाला.

पाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि तीच मला अस्वस्थ करते. पारा हे मूलद्रव्य. ते मोडून मोडणार काय? जिवाणू फक्त त्याचे रूप बदलतात. काही जिवाणू विषारी संयुगाचा साधा पारा करून तो हवेत सोडतात. पाणी स्वच्छ होते, पारा जगातच राहतो. उलट ऑक्सिजन नसलेल्या गाळातले काही जिवाणू साध्या पाऱ्याचे मिथिल पारा हे त्याहून घातक रूप करतात आणि ते माशांत साठते. स्वीडनमधील संशोधकांनी १९६९ साली हे दाखवले. सफाई करणारे आणि विष कालवणारे एकाच चिखलात शेजारी राहतात.

उष्टे

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडले, कंटेनर पाण्यात पडले, त्यांतल्या काहींत कीटकनाशके होती. रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आणि तिवरांच्या मुळांपर्यंत काळे लागले. नारळी पौर्णिमा सतरा दिवसांवर होती. पावसाळाभर शाकारलेल्या होड्या पाण्यात लोटायच्या, त्याच वेळी लोक बाजारात मासळीकडे संशयाने पाहत होते. तिवरांचा चिखल बोट-दीड बोटाखाली काळा असतो, तिथे ऑक्सिजन नसतो. अलास्काच्या गोट्यांखाली जे झाले, ते या चिखलात व्हायला काहीच अडचण नाही. जिवाणूंना वेळ चालतो. होडीचा हप्ता आणि हंगाम वेळेवर असतात.

किनाऱ्यावरच्या काळ्या गोळ्यांचाही छडा समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लावला आहे. गोव्याच्या किनाऱ्यावरील गोळ्यांची रासायनिक ओळख पटवून त्यांनी ती टँकरमधून सांडलेल्या तेलाशी आणि बॉम्बे हायच्या तेलाशी ताडून पाहिली. हलका भाग हवेत उडतो, सरळ साखळ्या जिवाणू खातात, आणि कोणी तोंड न लावलेले डांबर वाळू गोळा करत किनाऱ्याला लागते.

हे सगळे वाचून झाल्यावर मी पुन्हा त्या तांडेलांकडे गेलो आणि जमेल तसे सांगितले. दर्या खातो हे खरे, पण त्याला हवा लागते, वेळ लागतो, आणि हे काळे त्याला पचत नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हंजे जेवून उष्टं आमच्या दारात टाकतो."

मी म्हणालो, "दर्या नाही टाकत. वाढणारे टाकतात."

ते हसले नाहीत. पायाजवळचा एक गोळा त्यांनी काठीने उचलला, ओहोटीच्या पाण्यात न टाकता वर नेऊन केवड्याखालच्या खड्ड्यात टाकला, आणि पुन्हा जाळ्याकडे वळले.